चेंडू सोडायचा नाही

(लॉस एंजेलिस, १९२५. भाड्याची खोली, सकाळची वेळ. वेंडेल, चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू, खाटेवर पडून आहे. त्याची बायको ओपल स्टोव्हपाशी.)

ओपल : हसले रे बाबा, हसले! किती वेळा विचारशील? काल पोमोनाचं अख्खं थेटर हसलं. माझ्या शेजारची म्हातारी तर हातमोज्यानं डोळे पुसत होती.

वेंडेल : सगळ्यात जास्त तिथेच?

ओपल : तिथेच. डायरेक्टर हॅरिगनसाहेब मागच्या रांगेत बसून ऐकत होते. लोक कुठं हसतात, कुठं खोकतात, ते बघून पिक्चर कापायचा असतो म्हणे. काल तुझ्या मोडक्या पाठीवर हसले.

वेंडेल : पाठीवर नाही गं. डॉबी मला चेंडूसकट फरपटत नेतो, त्यावर.

ओपल : तेच ते! तू पोत्यासारखा पडलायस आणि तो चाळिशीचा बाप्या, पिक्चरचा हिरो, कॉलेजातला पोरगा बनून तुला ओढतोय, पार गोलच्या रेषेपर्यंत.

वेंडेल : त्याला काय ठाऊक? खरंच लागलं तर हात वर करायचा, असं ठरलेलं होतं. मी केला नाही. त्याला वाटलं, मी गंमत वाढवतोय.

ओपल : का नाही केलास? दवाखान्यातून आल्यापासून हे मी विचारलं नव्हतं. आज विचारते.

वेंडेल : हातात चेंडू होता.

ओपल : अरे, सिनेमातला चेंडू!

वेंडेल : चेंडू तो चेंडू. कॉलेजात आमच्या कोचनं एकच घोकून घेतलं. अंगावर डोंगर कोसळला तरी चेंडू छातीशी. दोन्ही हातांनी. सोडला की रात्रीचं जेवण बंद. डॉबी हिसकायला लागला तसा मी आणखीनच आवळला. म्हणून तर पिक्चरमधल्या सामन्याला आमच्यासारखे खरे खेळाडू बोलावले होते ना त्यांनी.

ओपल : मोठा शहाणाच! हात वर केला असतास तर कॅमेरा थांबला असता, माणसं धावली असती. डॉक्टर काय म्हणाले? पडल्यानं नाही, ओढल्यानं पाय गेले.

वेंडेल : 'कदाचित' म्हणाले.

ओपल : कदाचित तर कदाचित.

वेंडेल : रडू नकोस.

ओपल : रडतंय कोण? कालही नाही रडले. बधिर होऊन बसले होते नुसती. लोक हसत होते आणि मला वाटत होतं, हे दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याचं चाललंय.

वेंडेल : मला रोजच तसं वाटतं. चादरीखाली दुसऱ्याच कुणाचे पाय ठेवल्यासारखं.

ओपल : कॉफी घे, गार होतेय. आणि ऐक. बाहेर पडताना साहेबांनी मला गाठलं. टोपी काढून बोलले, तेवढं खरं. म्हणाले, वेंडेल नको म्हणाला तर तो तुकडा जाळून टाकतो. दुपारी उत्तराला माणूस येणार आहे. मी सांगणार, जाळा म्हणून.

वेंडेल : नुसतं फरपटणं काढता येत नाही?

ओपल : मीही तेच विचारलं. म्हणाले, हसवायचं ते एका दमात दाखवावं लागतं. मधे कापलं की लोकांना वाटतं, आपल्याला फसवलं. तू चेंडू झेलतोस तिथपासून रेषेपर्यंत सगळं सलग आहे. ठेवलं तर अख्खं, नाहीतर काहीच नाही.

वेंडेल : झेलतो तिथपासून?

ओपल : हो.

वेंडेल : म्हणजे माझं पळणंही त्यातच.

ओपल : ...हो. त्यातच.

वेंडेल : मी कधी बघितलंच नाही गं स्वतःला पळताना. कसा पळतो मी?

ओपल : नको रे वेंडेल.

वेंडेल : सांग ना.

ओपल : चेंडू काखेत घेऊन पार लांबून येतोस. दोघं अंगावर येतात, त्यांना चुकवतोस. गुडघे हे असे वर. तिसरा कमरेत शिरेपर्यंत कुणाच्या हाताला लागत नाहीस. मी तुला असं कधी बघितलंच नव्हतं. लग्न झाल्यापासून तू पळालास तो ट्रामच्या मागे.

वेंडेल : आणि तीही चुकली.

ओपल : हसू नकोस. गावोगाव लोक तुला हसतील. तिकडे आयोवात तुझी आई बघेल.

वेंडेल : बघू दे. पळतानाही बघेल.

ओपल : आणि मी काय करू? मला राग येतो रे. डॉबीचा नाही, साहेबांचा नाही, तुझा येतो! एवढा मेला चेंडू, तो सोडवला नाही तुझ्यानं!

वेंडेल : येऊ दे राग. फक्त एक खरं सांग. मी पळत होतो तेव्हा कुणी हसलं?

ओपल : नाही. तू पळत होतास तेव्हा सगळं थेटर गप्प होतं.

वेंडेल : मग त्या माणसाला सांग, तो तुकडा पिक्चरमध्ये राहू दे म्हणावं.