टर्बोची धाप

धावजी : गप राहा जराशी. गाडीच्या छातीले कान लावून राह्यलो मी.

उज्ज्वला : बा, ती फवारणीच्या पंपाची नळी आहे. औषधाची. कानात कशाला घालता?

धावजी : धुतली मी. तू आत बस अन् पायानं रेस दे. हळू. हां. आता सोड. परत दे. पाय दिला का सूंऽऽ करते, सोडला का गप. म्हणजे हवा पोटात जायच्या आधीच कुठून तरी पळून राह्यली.

उज्ज्वला : यवतमाळच्या गॅरेजवाल्यानंही हेच सांगितलं. टर्बो हवा दाबून इंजिनात ढकलतो, आणि मधला एखादा पाइप फुटला असेल, म्हणून चढावर गाडी ओढत नाही. शोधायचं तर ठेवून जा म्हणाला. मला उद्या सकाळी कॉलेजात तास आहे.

धावजी : ठेवून कायले जातं? बाप मेला का तुहा? एवढी वर्षं पुसदच्या रस्त्यानं जीप चालवली मी. सोळा माणसं आत, चार टपावर, एक बकरी. कधी धाप लागली तिले? अन् हिच्यात एकटी मास्तरीण बसते, तरी हिले हवा भरून द्या लागते.

भुरीबाई : जीपले नव्हती लागत, माणसाईले लागे. चढ आला का सारे उतरून ढकलत.

धावजी : हौसेनं ढकलत ते.

भुरीबाई : मीबी ढकलली. उज्जू पोटात होती तवा.

धावजी : म्हणून तर पोरीले गाडीचा नाद लागला. तू साबणाचं पाणी आण एक मग्गा.

भुरीबाई : कायले?

धावजी : पंक्चर कसं पाहते? पाण्यात ट्यूब बुडवते ना? हिले बुडवता येत नाही, म्हणून पाइपावर पाणी टाकू. हवा जिथून निघंल तिथं फेस येईल.

भुरीबाई : साबणाच्या पाण्यात तुमचंच धोतर भिजत हाय. ते पिळते, मंग देते.

उज्ज्वला : बा, इंजिन गरम आहे. आणि इतकं वाकू नका. डॉक्टरांनी सांगितलंय ना—

धावजी : डॉक्टरनं सांगितलं ते मीबी आयकलं. छातीत स्प्रिंग बसली, रिपोट चांगला आला, धावजी, आता गाडी चालवली तरी हरकत नाही. तू बाजूलेच उभी होती.

उज्ज्वला : मी वाकण्याचं बोलत होते.

धावजी : मी चालवण्याचं बोलून राह्यलो. आज भोक सापडलं तर तांड्यापासून पुसदपर्यंत मी नेतो गाडी. तू बाजूले बस. बोल, हाय कबूल?

उज्ज्वला : आधी चष्म्याचा नंबर तपासून घेऊ.

धावजी : मागच्या खेपी बत्ती कमजोर होती. त्याच्या मागच्या खेपी म्हटलं विमा तुह्या नावावर हाय. त्याच्याबी आधी म्हटलं सीट तुह्या उंचीची लावली, एकदा हलली का परत जमत नाही. तुले पुस्तकं वाचायले शिकवलं ते ह्यासाठी का?

उज्ज्वला : टर्बोचा पाय वेगळा असतो, बा. आधी गाडी काहीच करत नाही आणि मग एकदम उडी मारते.

धावजी : आपला ढवळ्या बैल असाच होता. त्याले कोणी टर्बो नाही म्हटलं.

भुरीबाई : हे घ्या पाणी. अन् भांडण मंग करा, मले अंगणात पाय ठेवायले जागा नाही. कुठं ओतू?

धावजी : इथं. ह्या रबरी पाइपावर. उज्जू, रेस दे. अजून. थोडं इकडं ओत.

भुरीबाई : फेस आला पाहा.

धावजी : कुठं?

भुरीबाई : तुमच्या बोटाखाली. बोट काढा म्हणजे दिसंल.

धावजी : अरे बाप्पा. हे पाहा उज्जू. रवंथ करणाऱ्या म्हशीवानी फेस सोडून राह्यला. पाइप घासून चिरला. बंद कर गाडी. सायकलची जुनी ट्यूब आण कोपीतून, अन् तार आण. पक्कड माह्या खिशात हाय.

उज्ज्वला : मी बांधते. तुम्हाला दम लागतोय.

धावजी : दम गाडीले लागला. माहा चांगला हाय. तू धर फक्त. आवळून. आणखीन एक वेढा. हां. आता लाव चालू, दे रेस.

उज्ज्वला : कमी झाला आवाज.

धावजी : गेला म्हण.

उज्ज्वला : कमी झालाय, बा. थोडा आहे अजून.

धावजी : तो माह्या कानातला असंल. चाल, तिकडं सरक. मी बसतो आता.

उज्ज्वला : दिवस मावळला. अंधारात तुम्हाला कमी दिसतं. पुढच्या रविवारी.

धावजी : पुढच्या रविवारी दिवस मावळत नाही का?

भुरीबाई : लवकर उठा मंग. सकाळी कोणी अंधार आणत नाही.

धावजी : बरं. पुढच्या रविवारी, सकाळी. आंघोळ करून बसतो मी. पण तवा नवीन कारण काढलं तर कॉलेजात येऊन सांगीन तुह्या पोराईले, का हे मास्तरीण लबाड हाय.

उज्ज्वला : चला, जेवायला चला.

(धावजी त्याच रात्री झोपेत गेले. पुढचा रविवार, सकाळ. अंगणात भेटायला आलेली तांड्याची माणसं बसली आहेत. मधोमध बॉनेट उघडलेली तीच गाडी. राजकुमार हा उज्ज्वलाचा चुलतभाऊ, पुसदच्या एका दुकानात ट्रॅक्टरचं सामान विकतो. उज्ज्वला आईला याडी म्हणते.)

राजकुमार : ताई, पहिलेच सांगतो, मी सामान विकतो, बसवत नाही. पण मोबाइलवर पाह्यलं हाय मी. हवेचा फिल्टर काढायचा, त्या तोंडाले नळी जोडायची, नळीचं दुसरं टोक धुराच्या डब्यात, अन् पंपानं हळूहळू धूर आत ढकलायचा. गाडी बंदच ठेवायची. जिथून धूर बाहेर येईल तिथं भोक.

उज्ज्वला : आजच करायला हवं का? एवढी माणसं बसली आहेत.

राजकुमार : उद्या यवतमाळले जाते म्हणून तूच म्हटलं. काल बसस्टँडवरून आत्याले आणलं तर चढावर गाडीनं बैलगाडीच्या मागं नंबर लावला. आत्या सारा रस्ता रडून राह्यलती. तिथं रडायची थांबली अन् म्हणाली, मी उतरू का?

उज्ज्वला : हॉर्नही वाजवता येईना मला. बैलगाडीवाला मागे वळून हात जोडत होता. त्यालाही कळलं होतं घरात काय झालंय ते.

राजकुमार : म्हणून म्हणतो. हे पाहा, डबा आणला. झाकणाले भोक पाडून नळी बसवली. गोवरीचे निखारे टाकले.

उज्ज्वला : डबा कशाचा आहे? इतका धूर?

राजकुमार : तुपाचा. बुडाले थोडं राह्यलं असंल.

भुरीबाई : राजू, हे काय करून ठेवलं तू? तिकडं तांड्याचे नायक डोंगरसिंग उभे राह्यले. डोक्याले रुमाल बांधून राह्यले.

राजकुमार : कायले, काकी?

भुरीबाई : निखाऱ्यावर तूप जळालं. त्याईले वाटलं गेलेल्या माणसाले निवद दाखवला, भोग लागला. त्याईचं पाहून सारेच उठले.

उज्ज्वला : याडी, जाऊन सांग त्यांना. हा भोग नाही. गाडीचा पाइप तपासतोय आम्ही.

भुरीबाई : सांगितलं. ते म्हणते, निखारा हाय, तूप हाय, घरची माणसं भोवताल हाय, अजून काय लागते भोगाले? वरून म्हणते, धावजीचा सारा जन्म गाडीत गेला, पोरीनं गाडीपुढंच निवद दाखवला, शिकलेली हाय म्हणून सुचलं तिले. डोळ्यात पाणी आलं त्याईच्या. मी काय बोलू मंग?

राजकुमार : शेजारची धुरपताबाई लापशी घेऊन येऊन राह्यली. काकी, तिले थांबवा. डब्यात टाकू देऊ नका.

भुरीबाई : टाकली तिनं. गूळबी टाकला.

राजकुमार : माह्या मोबाइलमधल्या माणसानं लापशीचं काहीच सांगितलं नाही.

उज्ज्वला : धूर पाहा पण, राजू. केवढा दाट झालाय. मार पंप.

राजकुमार : मारतो. तू वाकून पाहा. काकानं ट्यूब बांधली तिथून येते का?

उज्ज्वला : नाही.

राजकुमार : नीट पाहा. घरची बांधणी हाय, तिथूनच येत असंल.

उज्ज्वला : बोट लावून पाहिलं. काहीच येत नाही. बांनी बांधलं ते घट्ट आहे.

भुरीबाई : खालून येऊन राह्यला ना. पुढून. गाडी बिडी पेत हाय असं वाटते.

राजकुमार : सापडलं. पुढं ती हवा थंड करणारी जाळी असते ना, तिच्या तोंडावर दुसरा पाइप बसते. त्याची क्लिप ढिली हाय. भोकं दोन होते, ताई. काकानं एक बुजवलं, दुसरं खाली राह्यलं. पेचकस दे.

भुरीबाई : हळू बोल. नायक लोकाईले सांगून राह्यले का धूर पुढून निघाला म्हणजे धावजी रस्त्याले लागला.

राजकुमार : अन् मी क्लिप आवळली का धूर बंद होईल. तवा काय म्हणतील?

भुरीबाई : आवळ, मंग पाहू.

राजकुमार : आवळली. पंप मारतो परत. बंद.

भुरीबाई : पोचला म्हणते.

उज्ज्वला : ते मागचे म्हातारे काय विचारतायत?

राजकुमार : भगवानराव हाय ते, मुकुटबनचे. सोयरे नाहीत, काकाच्या जीपमधले जुने पाशिंजर. ते म्हणते माह्या ट्रॅक्टरलेबी असा भोग लावता येईल का, लय काळा धूर मारते.

उज्ज्वला : राजू, हसू नको.

राजकुमार : तूच हसून राह्यली.

भुरीबाई : हसा दोघंबी. आठ दिवस झाले, कोणी हसलं नाही ह्या घरात. पण आता उभे राहा नीट. नायक म्हणते, भोग लागला तर अरदास झाल्याबिगर उठता येत नाही. घरच्यांनी एकेकानं गेलेल्या माणसाशी मोठ्यानं बोलायचं. राजू, तू बोल पहिले.

राजकुमार : मी? काका, क्लिप आवळली. आता चढावर ओढंल. माह्याकडून काही कमीजास्त झालं असंल तर पोटात घाला.

भुरीबाई : आता मी. अवो, त्या रात्री जेवण झाल्यावर तुम्ही गाडीत जाऊन बसले. चाबी नव्हती तरी बसले. हातानं चाक फिरवून राह्यलते, काच खाली केल्यासारखी करून बाहेर पाहून राह्यलते. मी दारातून पाह्यलं, आवाज दिला नाही. मंग तुम्ही येऊन खाटेवर झोपले. आम्ही मायलेकीनं तुम्हाले गाडीपासून एवढं जपलं. खाटेले तर चाकंबी नव्हते, हो.

उज्ज्वला : याडी, हे तू मला सांगितलं नाहीस.

भुरीबाई : तुले नाही, त्याईले सांगितलं. बोल आता तू.

उज्ज्वला : मी मनात बोलते.

भुरीबाई : मनातली अरदास नसते. लोक उभे हाय.

राजकुमार : ताई, निखारे विझत आले.

उज्ज्वला : काय बोलू?

भुरीबाई : कॉलेजात तासभर बोलत राहते ना? इथं एकच माणूस हाय आयकणारा.

उज्ज्वला : बा, मी जी जी कारणं सांगत होते ना, ती सगळी उगीच होती.

भुरीबाई : मोठ्यानं, उज्जू. मागच्याईले आयकू जात नाही.

उज्ज्वला : बा, तुम्ही रस्त्यात मराल याचं मले भेव लागे. मले तुम्ही पाह्यजे होते.