नऊ सीटचं विमान

...नाही, नाही, तुम्हीच मला सांगा, नऊ सीटचं विमान हे काय विमान असतं? अहो, आमच्या शारजाच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये तेरा माणसं मावतात! आणि तेही आठवड्यातून तीनदा, आभाळाची मर्जी असली तर, म्हणजे आज धुकं, उद्या बर्फ, परवा पायलटचे ड्युटी अवर्स संपले... विमानतळ म्हणाल तर एक खोली, एक हीटर आणि काउंटरवर एक बाई. तीच तिकीट बघते, तीच बॅगा उचलते, आणि तीच माइकवर सांगते की विमान येणार नाही. खोलीत माणसं सहा, तरी माइकवर! मला कसं माहीत? तुम्हाला सांगतो, तीन दिवस मी फोनवर त्या विमानतळाशिवाय दुसरं काही बघितलेलं नाही.

आमची दिया तिथे असते. कॅनडाच्या पार वरच्या टोकाला, जिथे नकाशातले रस्तेसुद्धा दमून थांबतात, तिथे शाळेत सायन्स शिकवते. जन्म शारजाचा, सगळं आयुष्य एसीत, आणि निघाली बर्फात. मी म्हटलं, इथे प्लस पंचेचाळीस, तिथे मायनस पंचेचाळीस, मधलं काही सापडलं नाही का गं तुला? तर म्हणे, बाबा, दे नीड टीचर्स. झालं! यायचं तर चार विमानं. पहिलं ते नऊ सीटचं, आणि ते चुकलं की पुढची तिन्ही गेली. म्हणून मी फोनवर नेहमी म्हणायचो, सावकाश ये, तसं घाईचं काही नाही.

तर ऑगस्टमध्ये अनुपमाच्या, म्हणजे आमच्या मिसेसच्या, पोटात गाठ निघाली. चांगली नव्हती. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये आम्ही गाडीत बसलो, रिपोर्ट मांडीवर, आणि पहिलं काय ठरवलं? ट्रीटमेंट? सेकंड ओपिनियन? छे! पहिलं हे ठरलं की दियाला सांगायचं नाही. नवी नोकरी, एकटी पोर, कशाला तिच्या जिवाला घोर? बत्तीस वर्षांच्या संसारात आमचं इतकं चटकन एकमत कधी झालं नव्हतं हो, सोफ्याच्या कापडावरून आम्ही चार महिने भांडलेली माणसं!

शेजारची नबिला, इजिप्तची, डबा घेऊन यायची रोज. ती एकदा स्पष्ट म्हणाली, अबू दिया, म्हणजे दियाचे बाबा, ती तुझी मुलगी आहे, पाहुणी नाही, सांग तिला. मी म्हटलं, इन्शाल्ला. आता ह्या देशात इन्शाल्ला म्हणजे बऱ्याचदा नाही, हे तिलाही कळतं. मान हलवली आणि डबा ठेवून गेली.

आणि मग आमचं नाटक सुरू. व्हिडिओ कॉल हॉस्पिटलच्या बेडवरून! अनुपमा लिपस्टिक लावायची, सलाइनच्या हातावर शाल, मागे मी घरून आणलेला पडदा धरून उभा. दिया विचारायची, मम्मी, व्हॉट्स दॅट बीपिंग? मी पडद्यामागून ओरडायचो, मायक्रोवेव्ह! दोन आठवडे आमचा मायक्रोवेव्ह वाजत होता, मंडळी, आणि पोरीने एकदाही विचारलं नाही की बाबा, शिजवताय तरी काय? कॉल संपला की अनुपमा लिपस्टिक पुसायची आणि मला म्हणायची, जमलं ना?

तुम्ही म्हणाल, काय माणूस आहे हा. अहो, पण आम्ही असेच शिकलो ना! मी रुवैसला रिफायनरीत नवा होतो तेव्हा भावाचा फोन आला, बाबांना जरा बरं नाही, जमलं तर येऊन जा. बस, एवढंच. माझा रूममेट मुझम्मिल, त्याने एक शब्द विचारला नाही, उठला आणि माझी बॅग भरायला लागला, वर पांढरा शर्ट ठेवला. कारण गल्फमधल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं की जरा बरं नाही म्हणजे माणूस गेला. आता मला सांगा, मी दियाला काय म्हणणार होतो? जरा बरं नाही म्हटलं की माझ्याच तोंडाला कुलूप लागायचं. पण माझ्या डोक्यात हे कधी आलंच नाही की ही पोर इथली, इंग्रजीत वाढलेली, तिला आमची ती भाषा येतच नाही. तिला जेवढं सांगाल तेवढंच ती ऐकते. आणि खरं मानते हो!

नोव्हेंबरअखेर डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. शनिवार होता. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन फोन लावला, आणि तुम्हाला सांगतो, तोंडातून काय निघालं? दिया, ख्रिसमसची वाट नको बघूस, जमलं तर आधीच ये, मम्मी आठवण काढते. ती म्हणाली, इज एव्हरीथिंग ओके? आणि मी म्हटलं, हो गं. तसं घाईचं काही नाही.

रविवारी ती विमानतळावर पोचली. तिकीट हातात. तिथे एक म्हातारबाबा आले, त्यांचं बुकिंग नव्हतं, विमान फुल. त्यांची बायको खालच्या शहरात हॉस्पिटलमध्ये सीरियस होती. त्यांनी काउंटरवर तसं खरं खरं सांगून टाकलं, काहीही आडपडदा न ठेवता! बाईने खोलीत विचारलं, कुणी थांबू शकेल का? आणि आमची दिया उठली. का नाही उठणार? तिच्या बापाने सांगितलं होतं ना, घाई नाही! मला आनंदाने फोन करून सांगते, बाबा, आय गेव्ह हिम माय सीट, मी मंगळवारचं घेते. मी म्हटलं, गुड गर्ल.

सोमवारी तिथे वादळ आलं. खलास. सगळं बंद.

इकडे अनुपमा शुद्धीवर आली की विचारायची, कुठवर आली? मी म्हणायचो, टोरांटोला पोचली. मग म्हणायचो, बसली दुबईच्या विमानात. मग म्हणायचो, आता इराणवर असेल. पोर त्या एका खोलीत हीटरजवळ बसलेली, आणि मी तिला इराणवरून आणतोय! मंगळवारी सकाळी अनुपमा गेली. लेक वाटेत आहे, ह्या समजुतीत गेली.

तासाभराने दियाचा फोन. म्हणे, बाबा, दुसऱ्या गावापर्यंत स्नोमोबाइलने नेणारा एक जण आहे, तिथून विमान मिळेल, जाऊ का? अशा वादळात! आणि चार विमानं एकटीने रडत येणार का ती? मी म्हटलं, नको बाळा. घाईचं काही नाही. आणि मंडळी, एवढ्या महिन्यांत तेव्हा पहिल्यांदा मी तिच्याशी खरं बोललो.

शुक्रवारी आली. मी अरायव्हल्सला उभा, काय बोलायचं ते पार्किंगमध्ये चार वेळा पाठ केलेलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मम्मी कुठे हे विचारलंच नाही. एवढंच विचारलं, "व्हेन?" मी म्हटलं, मंगळवारी. तिने बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "मी सीट देऊन टाकली, बाबा. यू सेड देअर वॉज नो हरी." ओरडली असती तर बरं झालं असतं हो. तिथून शवागार, तिथून जबल अलीचं स्मशान, अग्नी तिनेच दिला, पण माझ्याशी त्यावर पुन्हा एक शब्द नाही. जानेवारीत निघताना फक्त मम्मीची शपथ घ्यायला लावली, की ह्यापुढे काहीही झालं तरी लपवायचं नाही. घेतली. हात तिच्या डोक्यावर ठेवून घेतली.

आता तुम्ही असं बघू नका माझ्याकडे... हो, दोन ब्लॉकेज निघालेत. सोमवारी अँजिओप्लास्टी आहे. काल तिचा फोन आला, बाबा, एनीथिंग? मी म्हटलं, काही नाही गं, जरा गॅसेस. अहो, तिथे परवापासून पुन्हा वादळ आहे, नऊ सीटचं विमान, आणि ही पोर म्हणजे कुणी म्हातारं माणूस दिसलं की उठणारच! फक्त तेवढं एक काम होतं, हॉस्पिटलच्या फॉर्मवर घरच्या माणसाची सही लागते म्हणे. तर तुमच्यापैकी कुणी भाऊ म्हणून केली तर... बघा, विचार करून सांगा. सोमवारपर्यंत वेळ आहे, तसं घाईचं काही नाही.