तिसऱ्यांदा न ताणलेले बूट

हॅलो?… कोण?… अगंबाई, बूटवाले काका! अहो, तुम्हालाच फोन करणार होते, आजच… खोटं कशाला बोलू… बरं बाबा, पंधरा दिवस रोज ‘आजच’ म्हणतेय. तोंड नव्हतं मला.

हो, हे घरी आलेत. परवाच सोडलं दवाखान्यातून… हे काय, समोर बसलेत, चहा पितायत. अर्धा कप! सगळं मोजूनमापून आता…

यांचे बूट? राहू देत तिकडेच… अहो ऐका ना, आधी मला बोलू द्या. काका, चुकलंच माझं. भर दुकानात नाही नाही ते बोलले तुम्हाला… असं कसं ‘विसरलो’? ‘दोनदा सैल करूनही चावतात, हात गेलाय तुमचा,’ म्हणाले मी! तीन गिऱ्हाइकांसमोर!… चार होती? बघा, म्हणजे विसरला नाहीत!

आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘ताई, तिसऱ्यांदा ताणणार नाही. सकाळी बसतात नि संध्याकाळी चावतात, तो दोष कातड्याचा नाही. पाय डॉक्टरला दाखवा.’ मला वाटलं, स्वतःची चूक झाकताय. बूट आपटले नि निघाले…

त्याच संध्याकाळी. रागानेच नेलं यांना, तुम्हाला खोटं पाडायला!… हसू नका हो! डॉक्टरीणबाईंनी घोट्यावर अंगठा दाबला, तर पडलेला खळगा भरेचना. मग विचारलं, आडवं पडल्यावर दम लागतो? हे म्हणतात, ‘छे!’ मी म्हटलं, मग तीन-तीन उशा कोण घेतं?… तेच ना! आम्ही गादीला दोष दिला, जिन्याला दिला, तुम्हाला दिला…

ईसीजी, मग इको. हृदयाचा पंपच कमजोर झालाय. रक्त पुढे ढकलायला जोर नाही, म्हणून पाणी साचत होतं. पायांत, फुप्फुसातसुद्धा… आणखी आठवडाभर थांबलो असतो तर… नको, बोलवत नाही मला.

नाही, ऑपरेशन नाही. गोळ्या, त्या मात्र कायमच्या. मीठ कमी. आणि रोज सकाळी काही खायच्या आधी वजनकाट्यावर उभं राहायचं, वहीत लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं की लगेच डॉक्टरांना फोन… अहो, सहा किलो उतरलं! नुसतं पाणी!

…हो हो, विचारते. काका, हे म्हणतायत, तुम्ही ओळखलंत कसं?

…काय?… काकूंच्या चपला?…

काकू जायच्या आधी तीनदा सैल केल्यात?… तुम्हीच?…

अरे देवा… काका, तेव्हा तुम्हाला काय ठाऊक असणार?… नाही, असं नका म्हणू. पाय दुखू नयेत म्हणूनच केल्यात ना… रडू नका, काका… मीही डोळेच पुसतेय. हे बघतायत माझ्याकडे, काय झालं म्हणून.

काका, तुमच्यामुळे माणूस समोर बसलाय माझा. एवढंच म्हणायचं होतं.

बूट ना? ते आता ढगळ होतील यांना… आत जाड तळवा घालून? चालेल, घाला. नको, पाठवू नका, हे स्वतः येतील न्यायला. शनिवारी, हळूहळू चालत… मीही येणार. आणि वेळ अशी सांगा, की दुकानात चार गिऱ्हाइकं असतील. त्यांच्यासमोरच माफी मागायचीय मला… दुपारी कुणीच नसतं? असू दे. चार जमेपर्यंत बसू आम्ही. ठेवते.