चेर्बू घोड्याने लाथ मारलेली नाही

नाव : वासिलिना ओनुफ्रेई बोदनारियुक, वय ६१ वर्षे, धंदा : घरकाम व गुरे पाळणे, राहणार पोयाना ब्राझी, लाकूड गिरणीच्या वरच्या अंगाला, बुकोविना, रोमेनिया.

मी आज ठाण्यात स्वतः येऊन विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती ओनुफ्रेई, वय ७० वर्षे, यांच्यासह राहत होते. आम्हाला एक मुलगी असून ती इटलीत एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करते. शेजारच्या घरात माझे धाकटे दीर गावरिल राहतात. माझे पती काल आमच्या तबेल्यात मयत मिळून आले. घोड्याने लाथ मारून त्यांना ठार केले, अशी तक्रार गावरिल यांनी दिली आहे. त्याबाबत मला माहीत आहे ते सांगते.

सदर घोड्याचे नाव चेर्बू असून तो अठरा वर्षांचा आहे. तो शिंगरू असताना त्याची आई मेली. पतीने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवले. पुढे पती त्याच्यासह जंगलातून लाकडाचे ओंडके ओढून आणण्याचे काम करीत. तो खच्ची केलेला नव्हता. आजूबाजूच्या खोऱ्यांतून लोक घोड्या फळवण्यासाठी आमच्याकडे आणत. तो पतीखेरीज कोणाला जवळ येऊ देत नसे. गावरिल यांच्या खांद्याला एकदा चावला होता. पती शीळ घालीत व तो डोंगरावरून खाली येई.

मागच्या शरद ऋतूत गवताची गंजी रचताना पतीला झटका आला. उजवे अंग गेले. बोलणे गेले, फक्त 'नको' एवढा एक शब्द राहिला. भाकरी हवी असली तरी ते 'नको'च म्हणत, मग तोंडाकडे बघून मी समजून घेत असे. तोंड वाकडे झाल्याने शीळ वाजत नव्हती. मी त्यांची खाट अंगणाच्या खिडकीला लावली, कारण तिथून तबेल्याचे दार दिसते.

हिवाळाभर घोड्याचे मीच केले. आत जाता येत नव्हते. फळीवरून काट्याने गवत टाकायचे, बादली काठीने सरकवायची. तो स्वतःच्या शेणात उभा असे. वसंतात गावच्या घोड्या कुरणाकडे जाऊ लागल्या तेव्हा त्याने दार फोडले. गावरिल आडवे आले, त्यांना पाडून तो पुढे गेला. त्यात गावरिल यांचे मनगट मोडले. संध्याकाळी घोडा आपणच तबेल्यात परत आला. त्यांनी तेव्हा तक्रार दिली नाही. हात गळ्यात बांधून ते आमच्याकडे आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "वहिनी, तुम्ही रोज त्याच्याजवळ जाता ते दादाच्या आधी वर जायची घाई झाल्यासारखं. तो घोडा फक्त दादाचा होता. दादा आता खाटेचा झाला. ट्रकवाला येतो त्याला देऊन टाका."

तो ट्रकवाला घोडे मांसासाठी नेतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

मी खालच्या गावच्या गुरांच्या डॉक्टरांना, नामे लुकान, घोड्याला आता खच्ची करता येईल का, असे विचारले. ते तरुण आहेत, पण सांभाळून बोलतात. ते म्हणाले, "मावशी, दोन वर्षांचं शिंगरू असतं तर पटकन आटपून मी तुमच्याकडे जेवून गेलो असतो. ह्याचं तसं नाही. ह्या वयात शिरा जाड होतात, रक्त लवकर थांबत नाही. पूर्ण झोपवून करावं लागेल, टाके घालावे लागतील. आणि एवढं करून त्याचा स्वभाव बदलेलच असं मी लिहून देणार नाही." खर्चही त्यांनी स्पष्ट सांगितला. तो भागवायला मी माझी पहिलटकर गाय विकली. ती पुढच्या महिन्यात व्यायणार होती. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

पतीला विचारले होते का, असे आता ठाणे अंमलदार यांनी विचारले. विचारले होते. मी खाटेवर बसून म्हणाले, "ट्रकवाल्याला देऊ का?" ते 'नको' म्हणाले. मी म्हणाले, "मग डॉक्टरांना बोलावू? खच्ची केला तर इथंच राहील, तुमच्यासमोर." त्यालाही ते 'नको'च म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. त्यांनी तोंड खिडकीकडे केले. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना निरोप दिला.

ईस्टर झाल्यावर डॉक्टर आले. घोडा सुई टोचू देईना. गावरिल एका हाताने दोर टाकीत होते, तोही त्याने तोडला. दुपार झाली. डॉक्टर कपाळ पुसत म्हणाले की धरणारे माणूस नसेल तर मला परत जावे लागेल. तेव्हा गावरिल म्हणाले, "धरणारा आहे की घरात."

मी नको म्हणाले नाही.

त्या दोघांनी पतीला खुर्चीसह उचलून सफरचंदाच्या झाडाखाली आणून बसवले. मी त्यांच्या पायांवर घोंगडी टाकली व तबेल्याचे दार उघडले. घोडा थेट त्यांच्याकडे गेला. मी भ्याले होते, पण त्याने काही केले नाही. त्याने मान खाली घालून डोके त्यांच्या मांडीवर ठेवले. पतीने डाव्या हाताने म्होरकी धरली. डॉक्टर मागून आले. सुई टोचली तेव्हा घोडा थरथरला, पण त्याने डोके काढले नाही. पतीने म्होरकी सोडली नाही. पाय गळेपर्यंत तो त्यांच्याकडे बघत होता. नंतर डॉक्टरांनी काम केले. पतीला आत न्यायचे मी विसरले. ते शेवटपर्यंत तिथेच होते.

डॉक्टरांनी काम चांगले केले. त्यांची काही चूक नाही. सूज आली व उतरली. रोज चालवायचे होते, ते मी केले. पहिल्या दिवशी काठी घेऊन गेले होते, नंतर लागली नाही. तो माझ्या मागून गायीसारखा येई. मी त्याचे खूर साफ केले, तबेला धुतला, गाडीला जुंपून गवत आणले. एवढ्या वर्षांत मी त्याच्या अंगाला पहिल्यांदा हात लावला. अंग फार मऊ आहे. मला बरे वाटत होते, हे मी लपवत नाही.

घोड्या सकाळी दारावरून जात, तेव्हा तो खात राही.

पती त्या दिवसापासून खिडकीवर डाव्या हाताने थापा मारू लागले. आधी मला वाटले त्यांना घोडा बघायचा आहे, म्हणून मी तो खिडकीपाशी आणला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग मला समजले. मी खाट फिरवून भिंतीकडे केली. त्यानंतर ते माझ्या हातून थोडीफार मक्याच्या पिठाची ममालिगा खात, पण माझ्याकडे बघत नसत. मुलीचा इटलीहून फोन आला की मी तिला सगळे ठीक आहे असे सांगत असे.

काल रविवारी मी चर्चला गेले. जाण्यापूर्वी त्यांची दाढी केली, शर्ट बदलला. परत आले तर खाट रिकामी होती. ते सात महिन्यांत आपल्या पायाने उठलेले नव्हते. घरातून अंगणात ओढत गेल्याच्या खुणा होत्या. दगडी पायरीच्या कडेला रक्त व पांढरे केस होते. ती जागा मी ठाणे अंमलदार यांना दाखवली आहे. कपाळाची जखम तिथली आहे. घोड्याच्या खुराची नाही. त्याचे खूर मी शनिवारीच साफ केले होते, आजही बघावेत.

तबेल्यात पती गव्हाणीला पाठ टेकून बसलेले होते. अंग अजून गार झालेले नव्हते. कुरणाकडचे मागचे दार, ज्याला आतून मोठा अडसर असतो, ते सताड उघडे होते. अडसर खाली पडला होता. तो एका हाताने कसा काढला असेल हे मला सांगता येत नाही. घोड्याची म्होरकी काढलेली होती व ती त्यांच्या डाव्या हातात होती.

वर उतारावर घोड्या चरत होत्या. दारातून दिसत होत्या. घोडा गेला नव्हता. तो त्यांच्याजवळ उभा होता.

गावरिल माझ्या हाका ऐकून आले. त्यांनी भावाला पाहिले आणि घोड्याच्या तोंडावर फावडे मारले. घोडा मागे सरला नाही. मी फावडे धरले. ते रडत म्हणाले, "याने खाल्लं माझ्या भावाला." मी म्हणाले, "भावजी, याने काही नाही केलं. दार उघडं असून तो गेलासुद्धा नाही." ते आणखी बोलले, ते रागात होते, म्हणून इथे लिहू नये.

मयताच्या दुःखाचे कारण घोड्याला खच्ची केले हे होते काय, असे विचारल्यावरून सांगते की, ते मला काही बोलले नाहीत. त्यांच्याजवळ एकच शब्द होता आणि तो त्यांनी मला आधीच सांगितला होता.

माझा कोणावरही संशय नाही. गावरिल यांच्यावर राग नाही. घोडा मारण्यास अगर ट्रकवाल्यास देण्यास माझी हरकत आहे. तो माझ्याकडे राहील. उद्या अंत्यविधी आहे. दफनभूमी वर चढावर आहे आणि आमच्याकडे शवपेटी गाडीतून नेतात. मी चेर्बूला जुंपणार आहे. गावरिल म्हणाले की लोकांच्या गर्दीत त्याला धरायला दोन गडी लागतील. मी त्यांना सांगितले की आता त्याला धरायला कोणी लागत नाही.

ठाणे अंमलदार यांनी वरील सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. काही ठिकाणी त्यांनी 'सदर जनावर' असे लिहिले होते, तिथे मी 'घोडा' लिहायला लावले. बाकी मी सांगितले तसेच आहे व ते खरे आहे. चष्मा आणलेला नसल्याने सही ओळीच्या खाली गेली आहे, ती माझीच आहे.

वासिलिना बोदनारियुक