मनगटावरचा पट्टा

हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्या, मग सांगते. अर्धांगाच्या झटक्यानं माझा उजवा हात हुकायला लागला, तवा सांगलीच्या डॉक्टरनं मनगटाला एक पट्टा बांधला. हात भलतीकडं गेला की त्यो थरथरायचा, मग मी हात सरळ करायची. डॉक्टर म्हणाला, "मावशी, गप्पा मारत कामं करा, म्हंजे ध्यान नसतानाबी हात सरळ ठेवायची सवय लागंल." गप्पांत मी कुणाला ऐकते व्हय?

परवा दुपारी कुट्टीच्या मशीनमधी कडबा सारत होते आणि कुडापलीकडच्या जावेशी भांडत होते. तिच्या शेळीनं माझी मेथी खाल्लेली. भांडता भांडता मनगट असं थरथरलं की हात झटक्यानं मागं आला. बघते तर बोटं पात्याजवळ पोचलीवती.

मशीन बंद केलं. पट्ट्याला नमस्कार करावा म्हणून बाही वर सारली, तर मनगट मोकळं. पट्टा घरात चार्जिंगला.

जाऊ म्हणाली, "आक्का, गप का झालीस?"

"तू माझा हात धरलास?"

"मी हितनं?"

दुसऱ्या दिवशी पट्टा डॉक्टरला देऊन आले. आत्ता तुमाला चा वतताना मोकळं मनगट एकदाच थरथरलं. सुनंदे, तुझ्या कपावर. ह्यो चा तू पिऊ नगंस.