मंजिरीची ऑपेरातली हाक

माझी बायको मंजिरी इथे सिंगापुरात चक्क ऑपेरात उभी राहिली, ठाऊक आहे? इंग्लंडहून आलेल्या एका बुजुर्ग दिग्दर्शकाला बाजाराच्या प्रसंगातल्या गर्दीसाठी हौशी माणसं हवी होती. हिला नुसतं दारुड्या नायकाकडे रागाने बघायचं होतं. पण तालमीत हिचा तोल सुटला. "अहो! घरी बायको उपाशी बसलीय, आणि तुम्ही इथे गात काय बसलाय?"

वाद्यं थांबली. आता आपल्याला हाकलणार, या भीतीने मंजिरी म्हणाली, "सॉरी, सर!"

म्हातारा उड्या मारत स्टेजवर आला. "सॉरी कशाला? नाटकं केली, टीव्ही केला, पण असा खरा राग मिळाला नाही! हे रोज म्हणायचं, तुझ्याच भाषेत!"

पहिल्या प्रयोगाला मी पुढेच बसलो होतो. ही कडाडली, "अहो!"

भरल्या थिएटरात मी ताडकन उभा राहिलो, "आलो, आलो!"