बोटाएवढा चाकू

नाय, तुमी हसू नका, आदी ऐका. बोटाएवढा चाकू हो! हा बघा, ह्या शर्टाच्या खिशात हाय, पेनाच्या जागी. दिसला तरी का कुणाला? नाय ना दिसला? आणि एवढ्याशा वस्तूनं माझी सगळ्या वऱ्हाडादेखत... थांबा, सगळं सांगतो, जीप भरायला अजून चार माणसं पायजेत आणि कशेळं काय पळून जात नाय. फक्त जरा तिकडं सरका, माझ्या मांडीवर बसलाय तुमी... हां, आता बरं.

तर आमचा भाचा, रूपेश. माझी थोरली बहीण धोंडूबाई कोंडाण्याला दिलीय, तिचा एकुलता एक. नव्या मुंबईत कंपनीत हाय, दिवसभर एसीत बसून काय करतो ते त्याच्या आयशीलाबी माहीत नाय नि मलाबी नाय, असो. त्याचं लग्न ठरलं खालापूरच्या हर्षलाशी. पोरगी चांगली, तिच्याबद्दल एक शब्द नाय. आता आमच्यात काय हाय, नवरदेवाला हळद लागली की त्याच्या हातात कट्यार द्यायची, टोकाला लिंबू टोचायचं, आणि अक्षता पडेपर्यंत ती सोडायची नाय. जेवताना नाय, झोपताना नाय, तिकडं गेला तरी नाय! कशाला? तर पोराला नजर लागू नये म्हणून. आणि ती कट्यार द्यायचा मान कुणाचा? मामाचा! म्हणजे माझा, ह्या पदूमामाचा!

आणि माझी कट्यार साधीसुधी नाय, तुमाला सांगतो. माझ्या आज्याची हाय. पातं कसं, तर तव्यासारखं काळं. बाप सांगायचा, "पदू, ही काळी का झाली ठाऊक हाय? तीन पिढ्यांच्या नजरा प्यायलीय ही." लहानपणापासून मी तिला हात लावायच्या आदी हात धुतो, बोला! लग्नाला महिना होता तवाच तिला तेल पाजलं, म्यानाला नवीन लाल मखमल लावून घेतली आणि गेलो कोंडाण्याला. रूपेशनं बघितली आणि तोंड कसं केलं? चहात दूध नासल्यावर करतात तसं. "मामा, ॲक्चुअली... फोटोत ते जरा नाटकातलं वाटेल हो. आणि गंजलीय ती." गंजलीय! माझ्या आज्याची कट्यार गंजलीय! "त्यापेक्षा एक छोटा फोल्डिंग चाकू घेऊ या ना. मिटला की खिशात. जेंटलमन नाईफ म्हणतात त्याला, मामा."

जेंटलमन! अरे, चाकू कधी जेंटलमन असतो का रं? कमरेच्या आकडीला कोयता अडकवून आमची हयात गेली, कुंपणं केली, झाडं छाटली, नारळ सोलले, त्या कोयत्याला कुणी कधी साहेब म्हटलं नाय, आणि बोटाएवढा चाकू, तो जेंटलमन! मी बहिणीकडं बघितलं. वाटलं, ही तरी बोलेल. तर ती म्हणते, "जाऊ दे रं पदू, पोराची हौस हाय. पण आणायचा तूच हां, मान तुझा." म्हणजे कट्यार नको, मामा पायजे... बाजारात पाठवायला! खरं सांगू? लय लागलं मला. चहा संपवला नि उठलो.

मंग आलो ह्याच कर्जतला, झहीरच्या दुकानात. झहीर नि मी शाळेत एका बाकावर, आता त्याचं कुलपं, विळे, कात्र्या ह्यांचं दुकान हाय. म्हटलं, "झहीर, एक मिटायचा चाकू दाखव, बारका." त्यानं दोन काढले. काचेवर ठेवले शेजारी शेजारी. मी म्हणतो, अरे एकच काढ ना! दोन्हीला शिसवी मूठ, दोन्ही बोटाएवढे, दोन्हीला नखानं उघडायची खाच, दोन्ही उघडले की टक् करायचे. मी आपलं सहज विचारलं, "ह्यात फरक काय रं?" विचारलं नि फसलो! "पदू, नीट बघ. ह्याच्या मुठीला पितळेची टोपी हाय. त्याला स्टीलची. हा हातात जरा भरतो, तो जरा सुटसुटीत." भरतो? बोटाएवढा चाकू हो! भरून भरून किती भरणार?

बरं, म्हटलं ज्याला पायजे त्यालाच विचारू. लावला व्हिडिओ कॉल. तिकडं रूपेश, आणि त्यानं लगेच खालापूरला हर्षलाला जोडून घेतली. मी दोन हातात दोन चाकू धरून उभा, फोन झहीरनं धरलाय, मागं गिऱ्हाईकं थांबलीत. रूपेश म्हणतो, "मामा, जरा जवळ घ्या, ग्रेन दिसू दे लाकडाचं." ग्रेन! हर्षला म्हणते, "मामा, मला डावा आवडला." रूपेश म्हणतो, "मला उजवा." डावा म्हणजे कुणाचा डावा गं? माझा का तुझा? मी हात बदलले तर दोघांचं मतबी बदललं! अर्धा तास, तुमाला सांगतो, पुरा अर्धा तास. बायको पसंत करायला मला एवढा वेळ लागला नव्हता, तिनं पोह्याची ताटली ठेवली, मी पोहे खाल्ले, झालं! शेवटी रूपेश म्हणतो, "मामा, तुम्हीच ठरवा ना, मला मीटिंग आहे." आणि गेला!

मंग झहीर म्हणाला, "पदू, चाकू कशाला पायजे ते सांग, म्हणजे मी सांगतो कुठला घे." आता आली का पंचाईत! ह्याच झहीरचा बाप माझ्या कट्यारीला धार लावून द्यायचा. डोक्याला रुमाल बांधून, दोन्ही हातांनी घ्यायचा तिला. त्याच्या पोराला मी कुठल्या तोंडानं सांगू, की भाच्याला आमची कट्यार नको झालीय? म्हटलं, "पाकिटं फोडायला."

"पाकिटं? तुला कोण पत्रं पाठवतं रं?"

"लाइटबिल येतं की!"

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, मंग म्हणाला, "मंग हा पितळेच्या टोपीचा घे. साधं पोलाद हाय, धार बघ, कागद असा चिरतो. तो दुसरा स्टेनलेस, त्याला एवढी धार नाय. फक्त ह्याला पुसून कोरडा ठेव." घेतला. मखमलीच्या डबीत घालून दिला मेल्यानं, मंगळसूत्र असल्यासारखा.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात मी तो रूपेशच्या हातात दिला. आता बघा गंमत. चाकू बोटाएवढा, आणि लिंबू आणलेलं आमच्या बागेतलं, चांगलं पोसलेलं. टोचलं, तर पातं गायब! नुसतं लिंबू नि त्याला मूठ! लांबून बघणाऱ्याला वाटावं नवरदेव लॉलीपॉप घेऊन बसलाय. आणि मुख्य म्हणजे, मिटून खिशात ठेवायला घेतलेला ना? मंग लिंबू टोचल्यावर तो मिटणार कसा रं शहाण्या? एवढा शिकलेला, पण कंपनीत हे कुणी शिकवलं नाय! दिवसभर बसला हातात धरून. मला आतनं एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

पण ते बरं वाटणं सकाळपर्यंतच टिकलं. दुसऱ्या दिवशी खालापूरला निघायचं, वऱ्हाडाची बस दारात, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय. धोंडूबाई म्हणाली, लिंबू सुकलंय, ताजं टोचू. काढलं जुनं... तर पातं काळं ठिक्कर! काल चांदीसारखं होतं, आज आमच्या चुलीच्या भिंतीसारखं. धोंडूबाईनं तोंडाला पदर लावला. "लग्नाच्या दिवशी पोराच्या हातातलं पातं काळं पडलं गं!" रूपेश म्हणतो, "मामा, कसला स्वस्तातला आणलात?" आणि एक जण मागनं बोलला, मला ऐकू आलं, "मामाची कट्यार घेतली नाय ना, म्हणून मामानं मुद्दाम असा आणला." मुद्दाम! मी! ज्या पोराला खांद्यावर घेऊन मी माथेरान दाखवलं, त्याचं मी वाईट चिंतीन? बहीण माझ्याकडं बघेना हो. साठ वर्षांत पहिल्यांदा माझी बहीण माझ्याकडं बघेना.

गेलो परसात नि लावला झहीरला फोन. सगळं सांगितलं, खरं सांगितलं. तो हसायलाच लागला. "अरे येड्या, लिंबू टोचलंस? मला तू लाइटबिल बोललास! साध्या पोलादाला लिंबू लागलं की काळं पडणारच. आदी बोलला असतास तर स्टेनलेस दिला असता." मला असं हलकं वाटलं! म्हटलं, धावत जाऊन सांगतो सगळ्यांना, नजर नाय नि अपशकुन नाय, लिंबू हाय नुसतं! तर झहीर पुढं बोलला, "तुझी कट्यार कशानं काळी झाली वाटतं तुला?"

तीन पिढ्या... लिंबू? म्हणजे मी जन्मभर हात धुवून... लिंबाच्या डागाला?

आता सांगा, काय करणार होतात तुमी? खरं बोललो तर मी सुटलो, पण आज्याची कट्यार गेली. नाय बोललो तर कट्यार राहिली, मी गेलो. म्हटलं, बहिणीचा घोर मोठा, सांगून टाकू. घरात शिरलो, तोंड उघडलं... तर शेजारची म्हातारी, सोनुबाई, नव्वदीची, काठी आपटून म्हणाली, "रडतीस काय गं धोंडू! पोरावरची नजर पात्यानं खाल्ली ती! ह्या पदूची कट्यार नाय का तशीच काळी?" झालं! सगळ्यांचे चेहरे उजळले. बहीण येऊन माझ्या गळ्यात पडली. रूपेश, इंजिनेर हां, एसीतला, तो माझ्या पाया पडला, "सॉरी मामा, भारी चाकू आणलात!" मी उघडलेलं तोंड मिटलं. चाकू मिटत नव्हता, निदान मी तरी मिटलो. लग्न झालं, झकास झालं.

पण सोनुबाईनं बसमधी अजून एक हिशेब केला. म्हणाली, "कट्यारीला काळं व्हायला तीन पिढ्या लागल्या, ह्या बाळानं एका दिवसात केलं! जबर हाय." बोटाएवढा चाकू हो! लग्नानंतर बहिणीनं तो माझ्याकडंच ठेवायला दिला, तेव्हापासून गावोगावच्या आया मला फोन करतात. आता उद्या कशेळ्यात अक्षय म्हणून एका पोराला हळद हाय, त्याच्या आयशीचा निरोप, "पदूभाऊ, कट्यार नको, तो चाकू आणा." म्हणून झहीरकडं धार लावून आणला. तो म्हणतो, "पॉलिश करून देऊ का? नवा दिसेल." मी ओरडलो, "काळ्याला हात लावू नको!" मी ओरडलो हो, मी!

भरली वाटतं जीप... आणि कट्यार? हाय की घरी. परवा बघतो तर बायको तिच्यानं लोणच्याची लिंबं चिरत बसलेली. म्हटलं, "अगं, आज्याची कट्यार ती! काळी पडेल ना!"

म्हणाली, "आणखी किती काळी पडायची?"

मी विळी शोधायला लागलो. नाय सापडली. मंग बसलो शेजारी, आणि बिया काढल्या.